मुका संगणक बोलता कसा करावा ?

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आमच्या उपनगरांत सध्यां जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती बांधण्याचें काम जोरांत चाललें आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कोठेंहि जा. एखाद्या सोसायटीच्या दारांत टेंपो उभा आहे आणि चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून भाड्याच्या जागेकडे निघाला आहे, हें दृश्य हटकून दिसतें. अशा वेळीं माळ्यावरून जें सामान खालीं उतरतें, त्यांत तांब्यापितळेच्या भांड्यांशेजारीं हल्लीं आणखी एक वस्तु दिसूं लागली आहे. ती म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचा, पिवळट पडलेला संगणक.

मुलुंडच्या एका परिचित कुटुंबांत असाच एक संगणक निघाला. २००३ सालीं नातवानें आपल्या आजीच्या ओव्या साध्या मायक्रोफोनवर मुद्रित करून त्यांत ठेवल्या होत्या. आजीबाई पुढें वारल्या. इतक्या वर्षांनीं संगणक सुरू झाला, पडद्यावर चित्र आलें, ओव्यांच्या फायलींचीं नांवेंहि दिसलीं. परंतु आवाज कांहीं केल्या येईना. जवळच्या एका दुरुस्तीवाल्यास विचारलें, तेव्हां त्यानें नेहमींचा उपाय सांगितला : "फॉरमॅट मारून देतों, सगळें ठीक होईल." फॉरमॅट करणें म्हणजे पाटी पुसून कोरी करणें. तसें होऊं दिलें असतें, तर संगणक कदाचित् बोलूं लागला असता. पण आजीबाई मात्र कायमच्या मुक्या झाल्या असत्या.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. जुना संगणक मुका होतो तो बहुधा कशामुळें, आणि त्याला पुन्हां वाचा कशी आणावी, हें मी थोडक्यांत सांगणार आहें. पण प्रथम एक गोष्ट मनांत पक्की धरावी. संगणकांत आवाज हा आवाजाच्या रूपानें नसतोच. तो आंकड्यांच्या रूपानें असतो. आपण बाजारांतून आणतों त्या संगीताच्या सीडीवर प्रत्येक सेकंदाच्या आवाजाचीं ४४,१०० मापें नोंदलेलीं असतात, आणि तींहि डाव्या व उजव्या बाजूंसाठीं निरनिराळीं. या आंकड्यांचें विजेच्या कंपनांत रूपांतर करून तीं स्पीकरकडे पाठविणें, आणि मायक्रोफोनमधून आलेल्या कंपनांचे आंकडे बनविणें, एवढेंच साऊंड कार्डाचें काम. म्हणून आवाज ऐकूं येत नाहीं याचा अर्थ आवाज नाहींसा झाला, असा नव्हे. आंकडे हार्ड डिस्कवर सुरक्षित असतात. ते वाचून दाखविणारा तेवढा गैरहजर असतो.

यावरून पहिला नियम निघतो : दुरुस्तीला हात लावण्यापूर्वीं फायलींची नक्कल करून ठेवावी. नक्कल करण्यास आवाजाची मुळींच गरज नाहीं. विंडोज एक्सपी असलेला संगणक पेन ड्राइव्ह ओळखतो. विंडोज ९८ मात्र वेगळा ड्रायव्हर घातल्याशिवाय तो ओळखीत नाहीं; तेथें सीडी लिहिण्याची सोय नसेल तर हार्ड डिस्क बाहेर काढून, तिला यूएसबीचें जोडयंत्र लावून ती नव्या संगणकावर वाचतां येते. त्या काळच्या डिस्कला रुंद, चपटी तार लागत असे. तिच्याजोगें जोडयंत्र आपल्या भागांत न मिळाल्यास ग्रँटरोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आतांच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, चौकशी करावी.

नक्कल झाली, म्हणजे मग निर्धास्तपणें दुखण्याच्या मुळाशीं जावें. कोणी म्हणेल, नक्कल नव्या संगणकावर वाजली, मग जुन्याचा खटाटोप कशाला ? त्याला कारण आहे. पुष्कळ घरीं जुन्या ध्वनिफितींचे खोके पडून असतात आणि त्यांवरील आवाज संगणकांत उतरवून घेण्यास लागणारी 'लाइन इन' ही निळी खोबण जुन्या यंत्रांत असते; आजच्या बहुतेक लॅपटॉपांत ती नसते. शिवाय त्या काळच्या मुलांच्या गोष्टींच्या, शब्दकोशांच्या आणि खेळांच्या कित्येक सीडी जुन्या विंडोजवरच नीट चालतात.

आतां 'ड्रायव्हर' म्हणजे काय तें पाहूं. साऊंड कार्ड बनविणारे कारखाने अनेक, आणि प्रत्येक कार्डाची बोली निराळी. विंडोजला या साऱ्या बोली येत नाहींत. म्हणून कार्डाबरोबर एक लहानशी आज्ञावली दिलेली असते. ती विंडोजचें म्हणणें कार्डाच्या बोलींत सांगते. कोर्टांत साक्षीदाराची भाषा न्यायाधीशास येत नसली म्हणजे दुभाष्या लागतो, तसाच हा दुभाष्या. साक्षीदार हजर आहे, न्यायाधीश हजर आहे, पण दुभाष्या आला नाहीं, तर साक्ष होत नाहीं. मुक्या संगणकांपैकीं पुष्कळांची स्थिति नेमकी अशीच असते.

तथापि दुभाष्यास बोलावण्यापूर्वीं बाहेरचीं कारणें तपासावींत. स्पीकरला वीज मिळते काय ? तोच स्पीकर मोबाइल फोनला लावल्यास वाजतो काय ? त्याची तार हिरव्या खोबणींत आहे काय ? गुलाबी खोबण मायक्रोफोनची आणि निळी बाहेरून येणाऱ्या आवाजाची. पडद्याच्या कोपऱ्यांत भोंग्याचें चित्र असतें. तें उघडून 'म्यूट'पुढें खूण नाहीं ना, हें पाहावें. संगणक सुरू होतांना जो 'टूं' असा आवाज येतो, त्यावर मात्र विसंबूं नये. तो आंतल्या एका लहान भोंग्याचा असतो. १९८१ सालीं आयबीएमचा पहिला पीसी निघाला, तेव्हां त्याजवळ एवढाच आवाज होता. साऊंड कार्डाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

बाहेर दोष नाहीं असें ठरलें, म्हणजे 'माय कॉम्प्यूटर'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', मग 'हार्डवेअर' आणि मग 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. ही संगणकाच्या अवयवांची हजेरीपत्रिका होय. येथें तीनच गोष्टी संभवतात. कार्डाचें नांव स्वच्छ दिसत असेल, तर दुभाष्या जागेवर आहे. दोष आवाज कमीजास्त करण्याच्या खुंट्यांत किंवा तारेंत शोधावा. नांवापुढें पिवळें चिन्ह असेल, किंवा 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असें मोघम नांव दिसत असेल, तर कार्ड आहे पण दुभाष्या नाहीं. आणि कार्डाचा उल्लेखच नसेल, तर साक्षीदारच कोर्टांत आलेला नाहीं.

हा तिसरा प्रकार आपल्या उपनगरांत विशेष आढळतो, आणि त्याचें कारण आपली हवा. चार महिने पाऊस, बारा महिने समुद्राचा दमट वारा. माळ्यावर पडून राहिलेल्या कार्डाच्या धातूच्या दातांवर पुट चढतें आणि वीज पलीकडे जात नाहीं. उपाय अगदीं घरगुती आहे. तार भिंतींतून काढून संगणक उघडावा, पेटीच्या उघड्या धातूला एकवार हात लावून अंगांतील स्थितिविद्युत् घालवावी, कार्ड सरळ वर ओढून काढावें, त्याचे दांत मुलांच्या स्वच्छ खोडरबरानें हळूच पुसावे, रबराचा चुरा झटकावा आणि कार्ड पुन्हां घट्ट बसवावें. विजेचा पुरवठा करणारी धातूची पेटी मात्र कधींहि उघडूं नये. तार काढल्यावरहि तिच्यांत धोकादायक वीज शिल्लक राहूं शकते. ध्वनीचा भाग मदरबोर्डवरच असेल, तर संगणक सुरू होतांना बहुधा 'डिलीट' ही कळ दाबून बायोसमध्यें जावें आणि तो भाग बंद केलेला नाहीं ना, हें पाहावें.

दुसऱ्या प्रकारांत, म्हणजे दुभाष्या नसेल तेव्हां, कार्डाचें खरें नांव कळणें हें निम्मे यश होय. खोक्यावरील नांवावर भिस्त ठेवूं नये. विकणारा एक आणि आंतील चिप करणारा दुसरा, असें पुष्कळदां असतें. एक्सपीमध्यें त्या मोघम नांवावर दोनदां टिचकी मारून 'डिटेल्स' हें पान उघडावें. तेथें 'व्हेन' या अक्षरांपुढें चार चिन्हें असतात, तीं निर्मात्याचीं. आणि 'डेव्ह'पुढें चार असतात, तीं त्या वस्तूचीं. ८०८६ म्हणजे इंटेल, १२७४ म्हणजे एन्सॉनिक, ११०६ म्हणजे व्हाया, १३एफ६ म्हणजे सी-मीडिया. हे क्रमांक चुकत नाहींत आणि खोटें बोलत नाहींत. विंडोज ९८ मध्यें हें पान नसतें. तेथें कार्डावरील सर्वांत मोठ्या चिपवरचीं अक्षरें भिंगानें वाचावींत.

मुलुंडच्या त्या संगणकांत ८०८६ आणि २४सी५ असे क्रमांक निघाले. याचा अर्थ मदरबोर्डवरील इंटेलची एसी ९७ पद्धतीची ध्वनियोजना. या पद्धतींत काम दोघांत वांटलेलें असतें. आंकड्यांची ने-आण इंटेलची चिप करते, पण त्यांचा आवाज बनविणारी लहान चौकोनी चिप दुसऱ्याच कारखान्याची असते. त्या बोर्डावर ती रिअलटेकची होती, म्हणून ड्रायव्हरहि रिअलटेकचा एसी ९७ हाच हवा होता. मधल्या काळांत कोणीतरी विंडोज नव्यानें घातली होती आणि मदरबोर्डबरोबर आलेली सीडी हरवल्यामुळें ध्वनीचा ड्रायव्हर घालावयाचा राहून गेला होता. एवढाच तो रोग.

ड्रायव्हर मिळवितांना तीन पथ्यें पाळावींत. तो आपल्या विंडोजच्याच आवृत्तीचा असावा. ९८ साठीं केलेला दुभाष्या एक्सपीच्या दरबारांत बहुधा चालत नाहीं. तो शक्यतों मदरबोर्डच्या किंवा चिपच्या निर्मात्याकडूनच घ्यावा. 'तुमचे सर्व ड्रायव्हर आम्ही शोधून देतों' असें म्हणणाऱ्यांच्या पोतडींतून कित्येकदां भलतेंच कांहीं निघतें. आणि जुना संगणक इंटरनेटला जोडूं नये. एक्सपीची डागडुजी करणें मायक्रोसॉफ्टनें एप्रिल २०१४ मध्यें सर्वसाधारण ग्राहकांसाठीं थांबविलें. ड्रायव्हर नव्या संगणकावर उतरवून, विषाणूंची तपासणी करून, पेन ड्राइव्हनें किंवा सीडीनें आणावा. घालण्याचा क्रमहि महत्त्वाचा आहे : जुना अर्धवट ड्रायव्हर आधीं काढावा, संगणक पुन्हां सुरू करावा, मदरबोर्डच्या चिपसेटचा ड्रायव्हर प्रथम घालावा आणि ध्वनीचा नंतर.

याहूनहि जुन्या, १९९५ च्या आगेमागें घेतलेल्या यंत्रांत आणखी एक भानगड असते. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें साऊंड ब्लास्टर हें कार्ड १९८९ मध्यें आलें आणि डॉसच्या खेळांनीं तेंच प्रमाण मानलें. त्या काळीं कार्डानें संगणकास हांक मारण्याची घंटा हातानें ठरवून द्यावी लागे. साऊंड ब्लास्टरचा नेहमींचा पत्ता २२०, घंटा ५ आणि डीएमए १. तीच घंटा नेटवर्क कार्डास दिलेली असली, तर कोण हांक मारतो हें संगणकास कळत नाहीं. मग आवाजाचा एकच तुकडा पुन्हां पुन्हां वाजत राहतो किंवा यंत्र थिजतें. अशा वेळीं एकाची घंटा बदलावी, आणि ऑटोएक्झेक या फायलींतील 'सेट ब्लास्टर' ही ओळ त्याप्रमाणें दुरुस्त करावी. दुसरें असें कीं, इतर सर्व आवाज येतात पण संगीताची सीडी तेवढी वाजत नाहीं, अशी तक्रार असल्यास ड्रायव्हरला दोष देऊं नये. सीडी ड्राइव्हपासून साऊंड कार्डापर्यंत जाणारी बारीक तार निसटली असण्याचा संभव अधिक.

इतकें करूनहि उलगडा न झाल्यास एक निर्णायक कसोटी आहे. लिनक्स ही प्रणाली सीडीवरूनच चालवितां येते. हार्ड डिस्कवरील एकहि अक्षर न बदलतां ती संगणक सुरू करते. बहुतेक जुन्या कार्डांचे ड्रायव्हर तिच्यांत आधींच घातलेले असतात. यंत्र जुनें असल्यानें आवृत्ति ३२ बिटांची निवडावी. लिनक्समध्यें आवाज आला, तर कार्ड शाबूत आहे आणि दोष विंडोजच्या ड्रायव्हरचाच, हें सिद्ध झालें. तेथेंहि आवाज न आल्यास मात्र कार्ड बदलण्याचा विचार करावा.

आणि एकदां यश आलें, म्हणजे तो ड्रायव्हर एका सीडीवर उतरवून, कार्डाचे क्रमांक कागदावर लिहून, दोन्ही संगणकाच्या पेटीला चिकटवून ठेवावें. पुढें ज्याच्या हातीं तें यंत्र जाईल, तो आपल्याला दुवा देईल.

मुलुंडच्या घरीं ड्रायव्हर घालून संगणक पुन्हां सुरू केला आणि पहिली फाईल उघडली. आधीं खरखर ऐकूं आली; मग ओवीच्या अगोदर, मायक्रोफोनकडे संशयानें पाहत, आजीबाईंनीं नातवाला विचारलेलें ऐकूं आलें : "चालूं झालें का रे तें ?"

घर रिकामें करतांना आपल्याहि माळ्यावरून असें यंत्र खालीं आलें, तर भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एवढा प्रयत्न अवश्य करून पाहावा, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.