काट्यावरचा सरकारी शिक्का: सत्तर वर्षांचा मागोवा

भारतात व्यापारी वजनकाट्यांवरचे नियंत्रण दोन पातळ्यांवर चालते. प्रमाणे केंद्र ठरवते. दुकानात जाऊन काटा आणि वजने तपासण्याचे काम राज्याच्या निरीक्षकाचे. मुंबई इलाख्यात 1932 साली वजनमापांचा कायदा झाला. 1939 साली केंद्राने तोळा, शेर आणि मण निश्चित केले. पण बाजारात गावोगावची वजने तशीच चालू राहिली.

खरे काम झाले ते 1956 नंतरच्या दशकात. त्या वर्षाच्या डिसेंबरात संसदेने दशमान वजनमापांचा कायदा केला. 1 ऑक्टोबर 1958 पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि 1 एप्रिल 1962 पासून शेर-मण बेकायदा ठरले. अंमलबजावणीसाठी मुंबई राज्याने 1958 सालीच स्वतंत्र कायदा केला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतला 57 क्रमांकाचा प्रमाण किलोग्रॅम हा या साखळीचा माथा. त्याखाली संदर्भ, दुय्यम आणि कार्यकारी अशी उतरती प्रमाणे. ती मुंबईच्या टांकसाळीत घडत. कार्यकारी प्रमाण निरीक्षकाच्या पेटीत असे आणि दुकानदाराचे वजन त्याच्याशी ताडले जाई.

नवे लोखंडी वजन षट्कोनी होते. बुडाशी भोक, भोकात शिसे. वजन जुळवायचे ते शिसे घालून किंवा काढून, आणि शिक्का उठायचा त्याच शिशावर. शिसे खरवडले की शिक्का मोडे. वजन उलटे केले की चोरी उघडी पडे, आणि ते पाहायला गिऱ्हाइकाला कोणतेही यंत्र लागत नसे.

लबाडी तेव्हाही होती. शेर 933 ग्रॅमचा. किलोचा भाव सांगून पारड्यात शेर टाकला की 67 ग्रॅम माल मारला जाई. दशमान पद्धत सामान्यांच्या डोक्यावरून जाईल, असे म्हणणारे खोटे ठरले. लोकांनी किलो आपलासा केला. गोंधळाचा फायदा उठवला तो काटा मारणाऱ्यांनी. त्यांना वचक होता तो पेटी घेऊन बाजार फिरणाऱ्या निरीक्षकाचाच.

पुढचे कायदे मुख्यतः पुनर्रचनेचे. 1976 च्या कायद्याने आंतरराष्ट्रीय एकके घेतली, 1985 च्या कायद्याने राज्योराज्यीच्या अंमलबजावणीत एकसारखेपणा आणला. सध्याचा वैधमापन कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2011 पासून लागू आहे.

दरम्यान तागडीची जागा इलेक्ट्रॉनिक काट्याने घेतली. त्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते. तारेत ओवलेले सील शाबूत असावे लागते. पण आतली जुळवणी बाहेरून दिसत नाही. आकडा लखलखीत दिसतो म्हणून गिऱ्हाईक विश्वास ठेवते. अशा काट्याला अधिक कडक आणि अचानक तपासणी हवी होती. झाले उलटे: 2013 च्या नियमांनी दुकानी काट्यांची पडताळणी सरकारमान्य खासगी केंद्रांकडेही सोपवण्याची वाट उघडली. पडताळणीसाठी काटा ठरल्या दिवशी येतो, तेव्हा तो बिनचूकच असतो. चोरी होते ती एरवी, भर बाजारात.

पडताळणीचे प्रमाणपत्र हा तपासणीला पर्याय नव्हे. प्रमाणित वजने घेऊन न सांगता बाजारात उतरणारे पुरेसे निरीक्षक, गिऱ्हाइकाला दिसेल असा लावलेला आकडा आणि तक्रार येताच जागेवर चाचणी, एवढे झाले तरच शिक्क्याला अर्थ राहतो. ही जबाबदारी राज्याची आहे आणि ती खासगी केंद्रावर ढकलता येत नाही.