देवघरातली जुनी तसबीर टाकण्याआधी भिंगातून एकदा पाहा!

अहिल्यानगर : जुना वाडा पाडताना किंवा घराला रंग देताना काच तडकलेल्या तसबिरी आधी बाहेर निघतात. कुणी त्या पिंपळाखाली ठेवतो, कुणी नदीत सोडतो. पण त्यातली एखादी लक्ष्मी किंवा सरस्वती शंभर वर्षांपूर्वीची शिळाछाप असू शकते.

देव कागदावर कसे आले?

युरोपात 16व्या शतकात राफाएलच्या रचना मार्कान्तोनिओ राइमोंडीने तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या. त्यांच्या छापील प्रतींमुळे ग्रीक-रोमन देवदेवता महालांबाहेर पोहोचल्या.

महाराष्ट्रात हे काम दगडाने केले. 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा सुरू झाली. तिचे रामपंचायतन घराघरांत गेले. 1894 मध्ये राजा रविवर्मांनी जर्मन यंत्रे आणून मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) काढणारे दादासाहेब फाळके यांनीही काही काळ तिथे काम केले.

महत्त्व काय?

गाभाऱ्यात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांनाही या चित्रांमुळे देवाचे मुखदर्शन स्वतःच्या घरात घेता आले. आज लक्ष्मी म्हटले की डोळ्यांसमोर येणारे रूपही बरेचसे या छापील चित्रांनीच घडवले.

शिळाछाप म्हणजे काय?

गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढतात. शिळा ओली केली की शाई फक्त तेलकट भागाला धरते. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते. सगळे रंग एकावर एक अचूक बसले तरच चेहरा नीट उमटतो.

कशी ओळखाल?

• भिंगातून पाहा. ठिपके लहान-मोठे, हाताने दिल्यासारखे असतील तर शिळाछाप असण्याची शक्यता जास्त. एकसारख्या ओळीत असतील तर अलीकडची छपाई.
• खालच्या कडेला छापखान्याचे नाव शोधा.
• साडीवर जर, टिकल्या किंवा कापड चिकटवलेले असेल तर ते काढू नका. तेव्हा तशी हौस होती.

काय कराल?

ओल्या फडक्याने पुसू नका. ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, जाणकाराला दाखवा. मोबाइलवर फोटो काढा आणि तसबीर कुणी, कुठून आणली हे आजीला विचारून मागे लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत नोंदवा. चित्राच्या प्रती इतरत्रही सापडतील, पण तुमच्या घरातली ती गोष्ट दुसरीकडे मिळणार नाही.