बंबावर चढण्यापूर्वी

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी एक जुनी मराठी म्हण आहे. मदत भलत्याच ठिकाणी पोहोचल्याचा उपहास तीत आहे. परंतु मदत अचूक ठिकाणी आणि वेळेवर पोहोचूनही वाया जावी, असा आणखी एक प्रकार संभवतो. त्यावर मात्र म्हण नाही. बंब येतो, त्याबरोबर पाच माणसे येतात, आणि दहाव्या मिनिटाला त्यांतला एक जण छातीवर हात ठेवून खाली बसतो. आता आगीशी झुंजणारे पाच राहत नाहीत, आणि चारही राहत नाहीत. कारण बसलेल्याला उचलण्यात आणखी दोघे गुंततात. आग मात्र होती तेवढीच असते, किंबहुना वाढलेली असते. म्हणून आगीकडे धावणाऱ्याने निघण्यापूर्वी स्वतःच्या देहाची झडती घ्यावी की नाही, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

हा प्रश्न भिलाईजवळ विशेष तीव्रतेने उभा राहतो. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथे पोलादाचा कारखाना उभारला गेला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. खुर्सीपार ही त्या कारखान्याच्या शेजारची कामगारवस्ती. कारखान्याच्या एका प्रवेशद्वारालाच तिचे नाव आहे. दुर्ग, भिलाई, राजनांदगाव या पट्ट्यात मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि नागपूरहून निघालेली हावड्याची गाडी याच वाटेने जाते. पोलादाच्या गावात अग्नी हा पाहुणा नव्हे, घरचाच माणूस. परंतु येथे अग्नीपेक्षाही दगाबाज असा एक सोबती त्याच्याबरोबर राहतो, तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत त्याचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने त्याला धरून ठेवते, आणि माणूस श्वास घेत असतानाच गुदमरतो. १२ जून २०१४ रोजी याच कारखान्यात पंपघराजवळ वायू पसरून सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर काम चालू असताना भडका उडाला आणि दहाहून अधिक माणसे गेली. मृतांत अग्निशमन कर्मचारीही होते. या माणसांच्या शारीरिक क्षमतेत काही उणे होते, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. ज्या भूमीवर मदतनीसाला पाय ठेवावा लागतो ती कशी आहे, एवढेच त्यावरून ध्यानात यावे.

कारखान्याचे अग्निशमन दल पगारी आणि प्रशिक्षित असते. त्याच्याखेरीज देशात स्वेच्छेने धावणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. १९६८ च्या कायद्याने उभे राहिलेले नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक, डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या होमगार्ड संघटनेचे जवान, अलीकडच्या काळातील ‘आपदा मित्र’, आणि कारखान्यांत प्राथमिक अग्निशमन शिकलेले साधे कामगार, हे सारे त्या वर्गात येतात. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची जी तालीम झाली, तिच्यासाठी छत्तीसगडातून दुर्ग जिल्हा निवडला गेला होता. परदेशांत तर ही परंपरा फार मोठी आहे. फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली अशी स्वयंसेवी तुकडी उभी केली. जर्मनीत आजही बहुतेक गावांची आग विझवणारे सुतार, शिक्षक, शेतकरीच असतात, आणि त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे.

पगारी जवान आणि स्वयंसेवक यांत धैर्याचा फरक नाही; फरक आहे तो पूर्वतयारीचा. पगारी जवानाची भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणी होते. पाळी सुरू होताना हजेरी घेतली जाते, आणि तोंड उतरलेले दिसले तर अधिकारी त्याला बाजूला घेतो. स्वयंसेवक येतो तो दुकानातून, शेतातून, अंथरुणातून. काल रात्री तो किती झोपला, सकाळपासून त्याने काय खाल्ले, मुलाच्या दुखण्यापायी तो दोन रात्री जागला काय, हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नसते. परीक्षक तोच आणि परीक्षार्थीही तोच, अशी ही विलक्षण परीक्षा आहे.

आगीवर काम करताना देहाचे काय होते ते पाहिले म्हणजे या परीक्षेचे महत्त्व पटते. श्वसनयंत्र, जाड अंगरखा, शिरस्त्राण, बूट हे सारे मिळून वीस किलोंच्या पुढे ओझे होते. ते अंगावर घेऊन, पाण्याने भरलेला होज ओढीत जिना चढायचा. बाहेरची उष्णता आत येते, आतली बाहेर जाऊ शकत नाही, कारण तोच अंगरखा घामालाही अडवतो. थोड्याच मिनिटांत नाडी आपल्या कमाल मर्यादेजवळ पोहोचते. घामावाटे पाणी गेल्याने रक्त दाट होते आणि हृदयाला तेच काम अधिक कष्टाने करावे लागते. निरोगी हृदय हे सोसते. ज्याच्या धमन्यांत नकळत अडथळा साचला आहे, त्याला हे सोसेलच असे नाही.

अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. १९९४ ते २००४ या काळात तेथील अग्निशामकांचे कामावर असताना जे मृत्यू झाले, त्यांतील सुमारे ४५ टक्के ज्वाळांनी नव्हे, छत कोसळून नव्हे, तर हृदयविकाराने झाले होते. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाचा वर्षातला जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो. परंतु हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या अल्पावधीत घडले. सुमारे १३ टक्के तर बोलावणे आल्यावर धावपळीतच घडले, म्हणजे आग दिसण्यापूर्वीच. घंटा वाजताच नाडी उसळते. गाढ झोपेतून उठलेल्याची तर अधिकच. तेव्हा धोका आगीपाशी सुरू होतो, ही समजूत चुकीची आहे. तो उंबरठ्यापासूनच सुरू होतो.

हृदयापाठोपाठ झोपेचा विचार करावा लागतो. पोलादी कारखान्यात भट्टी कधी विझत नाही, म्हणून माणसे तीन पाळ्यांत वाटलेली असतात. रात्रपाळीचा कामगार सकाळी घरी येतो, आंघोळ करतो, दोन घास खातो आणि नऊच्या सुमारास आडवा होतो. अकरा वाजता वस्तीत कोठे सिलिंडर पेटला आणि कोणी दार ठोठावले, तर तो उठून धावेल, यात शंका नाही. पण त्याच्या जागरणाचा हिशेब काय? ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. भारतीय कायद्याने वाहनचालकाला मुभा आहे ती ०.०३ टक्क्यांची. म्हणजे थेंबभर मद्य न घेतलेला हा सज्जन मनुष्य बंबाच्या चाकामागे बसण्यास मद्यप्यापेक्षा फारसा योग्य नाही! मद्यपी निदान वासावरून ओळखू येतो.

वैमानिकांनी अशा आत्मपरीक्षेसाठी सहा प्रश्नांची एक लहानशी यादी केली आहे: आजार, औषध, ताण, मद्य, थकवा आणि अन्न. ती अग्निशामकालाही चपखल लागू पडते. मात्र इकडच्या हवापाण्यात आणि रीतिरिवाजांत तिचा अर्थ इकडच्यासारखा लावला पाहिजे. सर्दीच्या गोळीने येणारी गुंगी घरात बसल्यावर जाणवतही नाही, शिडीवर जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध घेणारा माणूस मे महिन्यात, जेव्हा छत्तीसगडच्या मैदानात पारा ४४ अंशांवर जातो, आधीच निम्मा कोरडा झालेला असतो. आदल्या दिवशी जुलाब झाले असतील तर त्याचेही तेच. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करणारा, किंवा रमजानात दिवसभर पाणीही वर्ज्य करणारा, यांची श्रद्धा आदरणीय आहे. परंतु तिसऱ्या प्रहरी धुरात शिरण्याचे काम त्यांनी त्या दिवसापुरते दुसऱ्याला दिले तर श्रद्धेला बाध येत नाही.

छत्तीसगड आणि विदर्भ यांच्यासाठी या यादीत आणखी एक कलम घालावे लागेल, ते म्हणजे सिकलसेल. या भागातील अनेक समाजांत हा आनुवंशिक दोष आढळतो. ज्याला माता किंवा पिता यांपैकी एकाकडूनच तो मिळाला आहे, असा वाहक सहसा पूर्ण निरोगी आयुष्य जगतो आणि कित्येकदा त्याला आपल्या रक्ताची कल्पनाही नसते. परंतु प्रखर उन्हात, शरीरात पाणी कमी असताना, अतोनात श्रम झाले तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेऊ शकतात, स्नायू झिजू लागतात आणि क्वचित प्राणावर बेतते. वाहकाने आगीपासून दूर राहावे असा याचा अर्थ नव्हे. त्याने स्वतःचे रक्त एकदा तपासून घ्यावे, पाणी भरपूर प्यावे, श्रमाचा वेग हळूहळू वाढवावा आणि विश्रांती लवकर घ्यावी. रक्ताची ही साधी तपासणी सरकारी दवाखान्यांतून होते.

काही गोष्टी तर आरशात पाहून कळतात. श्वसनयंत्राचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला तरच तो मुखवटा. चार दिवसांची दाढीही त्याच्या कडेखालून विषारी हवा आत सोडते. पाठीवरच्या नळकांड्यात हवा किती वेळ पुरेल हेसुद्धा माणसावरच अवलंबून असते. सहा लिटरच्या, ३०० बार दाबाने भरलेल्या नळकांड्यात सुमारे अठराशे लिटर हवा मावते. बेताच्या श्रमात ती पाऊण तास पुरते. धापा टाकणारा माणूस तीच अर्ध्या तासाच्या आत संपवतो. जोडीने आत शिरलेल्या दोघांपैकी ज्याची हवा आधी संपेल, त्याच्याबरोबर दुसऱ्यालाही बाहेर पडावे लागते.

आता या परीक्षेतील खरी अडचण. माणूस स्वतःशी प्रामाणिक असतो, पण घंटा वाजेपर्यंतच. एकदा का आरोळी कानी पडली की ताप उतरल्यासारखा वाटतो, गुडघा दुखायचा थांबतो, झोप उडते. हे सारे त्या क्षणी रक्तात उसळणाऱ्या द्रव्यांचे मायाजाल असते. त्यात लाज मिसळते: शेजारी धावला आणि आपण घरात राहिलो तर लोक काय म्हणतील? एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी गावी बायोगॅसच्या खड्ड्यात पडलेल्या मांजराला काढायला एक जण उतरला, त्याच्या मागोमाग दुसरा, मग तिसरा, आणि अखेर पाच जणांनी प्राण गमावले. त्याच वर्षीच्या जुलैत छत्तीसगडच्या जांजगीर-चांपा जिल्ह्यात किकिरदा गावच्या विहिरीत तेच घडले. तेथेही पाच गेले. पहिल्यामागोमाग गेलेला प्रत्येक जण आपल्या माणसाला वाचवायला उतरला होता. श्वसनयंत्र नसताना विषारी खड्ड्यात उतरण्यास जगातला कोणताही पैलवान लायक नसतो, हा विचार त्या काठावर उभे राहून सुचणे जवळजवळ अशक्य आहे. तो आधीच करून ठेवावा लागतो.

म्हणून परीक्षेची वेळ घंटेनंतरची नव्हे, घंटेपूर्वीची. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजावी. नेहमीपेक्षा दहा ठोके अधिक भरले तर अंगात ताप, थकवा किंवा अपुरी झोप यांपैकी काही तरी आहे असे समजावे. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडले आहे. दोन जिने भरभर चढून एक संपूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल, तर मुखवटा लावण्याचा तो दिवस नव्हे. आणि छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा अकारण धाप असेल, तर स्वतःची परीक्षा तेथेच संपते. पुढची परीक्षा डॉक्टरांची. चाळिशी उलटलेल्या स्वयंसेवकाने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख पाहून घ्यावा. सकाळचे उत्तर नकारार्थी आले तर तुकडीप्रमुखाला तेव्हाच कळवावे. ‘आज मी नाही’ हे तीन शब्द सकाळी सात वाजता उच्चारणे सोपे असते. धूर दिसू लागल्यावर ते घशातून निघत नाहीत.

तुकडीप्रमुखाचेही एक कर्तव्य यात आहे. ज्याने नाही म्हटले त्याला कारण विचारू नये आणि चारचौघांत टोमणा तर मुळीच मारू नये. एकदा टोमणा बसला की पुढच्या वेळी ताप अंगात असताना तो मनुष्य मुकाट्याने येईल. शिवाय नाही म्हणणारा निकामी ठरतो असेही नाही. रस्ता मोकळा ठेवणे, बघ्यांना मागे सारणे, पाण्याचा नळखांब दाखवणे, आत कोण केव्हा गेले याची वेळ लिहून ठेवणे, ही कामे ज्वाळांपासून दूर राहून होतात. त्यांतले शेवटचे तर इतके मोलाचे आहे, की ते थकल्याभागल्या पण डोके शांत असलेल्या माणसाकडेच सोपवावे.

आग विझल्यावर ही परीक्षा पुन्हा एकदा घ्यावी लागते. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात सुमारे १७ टक्के मृत्यू आगीवरून परतताना झाले होते, म्हणजे सर्वांना धोका टळला असे वाटत असताना. परतलेल्याने अंगरखा उतरवून सावलीत बसावे, थोडेथोडे पाणी घ्यावे आणि वीस मिनिटांनी नाडी पाहावी. ती खाली आली नसेल तर पुन्हा आत जाऊ नये. डोके ठणकत असेल, मळमळत असेल, तर ते उन्हाचे किंवा दगदगीचे म्हणून सोडून देऊ नये; कार्बन मोनॉक्साइडची पहिली खूण तीच असते. बोटाला लावायच्या छोट्या यंत्रावरही अशा वेळी विसंबता येत नाही. त्या वायूने व्यापलेले रक्त त्याला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते, आणि माणूस गुदमरत असताना ते निर्धास्तपणे ९८ चा आकडा दाखवीत राहते.