धूर मोजता, घाम कोण मोजणार?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा मोठा गाजावाजा चालू आहे. २०३० साली गाठायचे २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले म्हणून सत्ताधारी स्वतःची पाठ थोपटून घेत आहेत. अन्नदाता ऊर्जादाता झाला, हवा शुद्ध झाली, असे सांगितले जाते. बदलापूरच्या मांजर्लीत राहून जुन्या मोटारसायकलवरून अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या कामगाराने यातले खरे-खोटे तपासायला नको काय?

खरे आहे ते आम्ही आधी मान्य करतो. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे इंधन अधिक पुरते जळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार २० टक्के मिश्रणाने दुचाकीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड निम्म्याने आणि हायड्रोकार्बन २० टक्क्यांनी घटले. परंतु त्याच अहवालात लिहिले आहे की, नायट्रोजनच्या ऑक्साइडमध्ये ठाम असा फरक दिसला नाही आणि ॲसिटाल्डिहाइड वाढले. प्रमाण थोडे आहे, अशी पुस्ती अहवाल जोडतो. हा वायू डोळ्यांना, श्वासनलिकेला झोंबतो आणि कर्करोगाच्या संशयितांत त्याचे नाव आहे.

आता गंमत पाहा. पीयूसीच्या टपरीवर पेट्रोल दुचाकीच्या धुरात मोजतात काय? कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. म्हणजे जे घटते तेच मोजायचे! जे वाढते त्याचा रकानाच कागदावर नाही. १९७५ पासून अल्कोहोलवर गाड्या पळवणाऱ्या ब्राझीलने आल्डिहाइडवर कायद्याने मर्यादा घातली. आपण मिश्रण त्यांच्याकडून घेतले, मर्यादा तिकडेच ठेवली.

खिशाचेही तसेच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. जुन्या दुचाकीचे मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटते, हा सरकारी अहवालाचाच आकडा. नवी गाडी सेन्सरच्या जोरावर इंधनाचे प्रमाण सांभाळून घेते. कार्बोरेटरवाल्या गाडीला ती सोय नाही. त्यात इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह तळाशी बसते आणि गाडी बंद पडते. उल्हास नदीकाठच्या बदलापूरला पाऊस म्हणजे काय, हे २००५ आणि २०१९ चा पूर पाहिलेल्यांना सांगायला नको. नवी गाडी घ्या, असा सल्ला देणारे तिचा हप्ता भरणार आहेत काय? पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवा, एवढे मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

आणि हे इथेनॉल येते कोठून? मका आणि तांदूळ आता त्यात पुष्कळ आहे, पण महाराष्ट्रात त्याची वाट उसाच्या फडातून जाते. २००१ साली या मिश्रणाचा पहिला प्रयोग झाला तो मिरज आणि मनमाडला. त्याच मनमाडला १९३८ साली बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवून दिले होते. फडात हे दोन्ही शत्रू आजही एकत्रच भेटतात. मुकादमाची उचल घेऊन मराठवाड्यातून निघणाऱ्या टोळ्यांत आपली माणसे किती, हे वेगळे सांगायला हवे काय? नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस म्हणून मोजणीच नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला केंद्राने २०२४-२५ साठी लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दर बांधून दिला. साखरसम्राटाला दराची हमी मिळते, मग कोयत्याला का नाही?

इथेनॉल नको, असे आम्ही म्हणत नाही. पंपाच्या नळीवर मिश्रणाची टक्केवारी ठळक मराठीत लिहा. जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल एका नळीला ठेवा. पीयूसीच्या टपरीवर जमत नसेल तर शहराच्या हवेत तरी ॲसिटाल्डिहाइड मोजा आणि आकडे नगरपालिकेच्या फलकावर लावा. आणि इथेनॉलचा दर बांधताना तोडणीची मजुरी त्यात वेगळी दाखवा.