उंबरखिंड आणि जर्मनांचे अरण्य

दिवाळीचे दिवे मालवतात न मालवतात तोच आमच्या साजगावात कार्तिकी एकादशीच्या यात्रेची लगबग सुरू होते. बोंबल्या विठोबाला माणूस लोटतो आणि सुक्या मासळीच्या बाजारात घाटावरची नि कोकणातली मंडळी घासाघीस करीत बसतात. घाट चढणे-उतरणे हा येथला नित्याचा व्यवहार. पण याच खालापूर तालुक्यात एकदा एक बलाढ्य फौज घाट उतरली आणि परत जाण्यासाठी तिला अभय मागावे लागले. ती जागा उंबरखिंड.

तिची आठवण मला वर्गात झाली. रोमन साम्राज्यासारखी सत्ता रानटी म्हणवल्या जाणाऱ्या जर्मनांपुढे कशी हरली, असे एका विद्यार्थ्याने विचारले होते. मी म्हटले, "आधी चावणीला जाऊन ये!"

पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाइस्ताखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले. खान कुरवंड्याच्या घाटाने उतरला. पुढे दाट झाडी, अरुंद वाट, फौजेची लांबलचक रांग. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी खिंडीचे पुढचे तोंड रोखले, मागची वाटही बंद केली. संख्येचा उपयोगच उरला नाही.

इसवी सन ९ मध्ये व्हारस या रोमन सेनापतीचे असेच झाले. ऱ्हाइनपलीकडच्या ट्यूटोबुर्ग अरण्यात त्याची तीन लीजने, म्हणजे पलटणी, जर्मनांनी गाठली. त्यांचा नायक आर्मिनियस हा रोमन सैन्यातच वाढलेला, रोमचे नागरिकत्व मिळालेला. त्याच्यावर विसंबून व्हारस अनोळखी वाटेने गेला. पंधरा-वीस हजार माणसे कापली गेली. व्हारसने आत्महत्या केली. १७, १८ व १९ हे त्या लीजनांचे क्रमांक रोमने पुन्हा कुणाला दिले नाहीत. सहा वर्षांनी जर्मानिकस तेथे पोहोचला, तेव्हा त्याला उघड्यावर पडलेली हाडे पुरावी लागली. इ. स. १६ नंतर रोमने तो मुलूख जिंकण्याचा नाद सोडला आणि ऱ्हाइन हीच सरहद्द ठरली.

डोंगर-अरण्य जाणणाऱ्यापुढे साम्राज्य थिटे पडते, हा धडा दोन्हीकडे सारखाच. पण वाचकहो, शेवट सारखा नाही. उंबरखिंडीत खानाबरोबर माहूरची रायबागन होती. तिने शरण जाण्याचा शहाणा सल्ला दिला. महाराजांनी खंडणी व सामानसुमान घेतले आणि कोंडलेल्या फौजेला जिवंत जाऊ दिले. शत्रू मुठीत असताना मूठ उघडणे, हे त्या अरण्यात घडले नाही.

आर्मिनियसला पुढे त्याच्याच आप्तांनी मारले. त्याच्यामागे राज्य उरले नाही. येथे तेरा वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावर राज्याभिषेक झाला. खिंड अडवणे हे शौर्य खरे. पण कोठे थांबावे हे ज्याला कळते, तोच राज्य उभारतो.

यंदा यात्रेला आलात, तर चावणीपर्यंत अवश्य जा. अंबा नदीकाठी स्मारक आहे. तेथे घटकाभर उभे राहून वरच्या डोंगराकडे पाहा. इतिहासाच्या पुस्तकात न मिळणारे उत्तर तेथे मिळेल.