खालची तीन फूट भिंत लेकराची

पोळा झाला की रोहण्यात घराघरांत रंगरंगोटीची बोलणी सुरू होतात. सोयाबीन निघेल, हाती थोडा पैसा येईल, मग दिवाळीआधी भिंती रंगवू, पडदे बदलू, असं ठरतं. घरात दोन-तीन वर्षांचं लेकरू असलं की कुणीतरी म्हणतंच, “कायले खर्च करता? पोट्टं सगळं खराब करते. मोठं झालं की सजवा.” आम्हाला हे पटत नाही. दिवसाचा सगळ्यात जास्त वेळ घरात लेकरूच असतं. त्याच्यासाठीच घर उघडंबोडकं का ठेवायचं? फक्त सजावट त्याची उंची पाहून करावी लागते.

लेकरू झोपलं असताना खोलीच्या मधोमध जमिनीवर बसा आणि चौफेर पाहा. दोन वर्षांच्या लेकराची उंची पावणेतीन फुटांच्या आसपास असते. तिथून देवाची तसबीर, लग्नाचा फोटो, कॅलेंडर सगळं दूर दिसतं. जवळ दिसतात ती पलंगाखालची डबडी, विजेचं सॉकेट, लोंबणारी वायर आणि टेबलावरच्या चादरीचं टोक. हाताला जे लागतं ते ते ओढतं. याला खोडी म्हणू नका. हात लावून पाहणं हेच त्या वयाचं शिकणं आहे.

म्हणून हिशेब सोपा ठेवा. जमिनीपासून तीन-साडेतीन फूट जागा लेकराची, त्याच्या वरची आपली. खाली असं काही ठेवूच नका, ज्यासाठी दिवसभर “हात नको लावू” म्हणावं लागेल.

भिंत कशी सजवावी याचा एक नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. 1936 साली गांधीजी सेगावला राहायला आले. तेच गाव पुढे सेवाग्राम झालं. तिथल्या बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीनेच ताडाची झाडं आणि मोर उठावात काढले आहेत. त्याला चौकट नाही, काच नाही, खिळा नाही. ती सजावट मुलांसाठी केलेली नव्हती, पण लेकरांच्या घराला तीच युक्ती कामाची आहे. नक्षी भिंतीचाच भाग असली की ती अंगावर पडत नाही, फुटत नाही आणि तोंडात जात नाही.

मातीची भिंत असेल तर सारवताना असा मोर, बैलजोडी नाहीतर पानाफुलांची वेल उठवा. सिमेंटची असेल तर खालच्या तीन फुटांत फळ्याचा काळा रंग लावा आणि लेकराच्या हाती खडू द्या. रेघोट्या मारायला हक्काची जागा मिळाली, की बाकीच्या भिंती पुष्कळ वाचतात. गेरू-चुन्याची किनारही छान दिसते. पण चुना कालवताना लेकराला दूर ठेवा. ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. तसं झालंच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि दवाखाना गाठा.

तेलरंग घेताना डब्यावरची माहिती वाचा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. पोपडे तोंडात गेले किंवा घासताना धूळ उडाली तर ते लेकराच्या पोटात जातं आणि मेंदूच्या वाढीला बाधा करतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. आधी ओला करा, लेकराला शेजारी पाठवा आणि नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसा.

आता वरच्या जागेचं बोलू. काचेच्या वस्तू, औषधं, टिकल्यांची पाकिटं, सुया, अगरबत्ती-माचिस हे सगळं वर आणि बंद फडताळात. टीव्ही खणांच्या टेबलावर ठेवू नका. लेकरू खण उघडून त्याची पायरी करतं आणि टीव्ही त्याच्या अंगावर येतो. तो भिंतीला पक्का करा. टेबलावर चादर घालायची तर ती लोंबू देऊ नका, कारण तिच्यासोबत गरम चहाही खाली येतो.

दिवाळीच्या शोभेच्या दिव्यांत गोल, चपटे सेल असतात. असा सेल अन्ननळीत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. लेकराने गिळल्याचा संशय आला तरी उलटी करवू नका. 108 ला फोन करा, मोठ्या दवाखान्यात न्या. वावरातली फवारणीची बाटली तर घराच्या कोनाड्यात नकोच, रिकामी असली तरी. अंगणातही शोभेला कण्हेर किंवा कुंपणाला मोगली एरंड लावू नका. दोन्ही विषारी आहेत, आणि मोगली एरंडाच्या बिया लेकरं शेंगदाण्यासारख्या खातात. त्यापेक्षा जास्वंद, झेंडू, तुळस लावा.

मग खाली ठेवायचं काय? 1907 साली रोममध्ये मारिया मॉन्टेसरी यांनी मुलांचं घर सुरू केलं. तिथे खुर्च्या आणि फळ्या मुलांच्या मापाच्या केल्या, म्हणजे मूल वस्तू स्वतः घेईल आणि स्वतः परत ठेवेल. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 पासून बोर्डीला पानं, शंख-शिंपले, खडे अशा गावच्याच वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. आपणही एक ठेंगणी फळी ठोकू शकतो. तिच्यावर चिंध्यांची बाहुली, लाकडी चमचा, स्टीलची वाटी ठेवा. तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर शेंगदाण्याएवढं बारीक काहीच नको.

आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल? त्या दिवशी लेकरू तो सजवून घरोघर बोजारा मागत फिरतं. दुसऱ्या दिवशी आपण तो शोकेसमध्ये काचेआड ठेवतो आणि ते वर्षभर बाहेरून पाहत राहतं. टोकदार शिंगं आणि सुटी चाकं तपासा, आणि यंदा तो बैल त्या ठेंगण्या फळीवर ठेवा. शिंगाचा रंग थोडा उडेल, उडू द्या. पुढच्या पोळ्याला लेकरासोबत बसून पुन्हा रंगवू.