खानदेशातील उन्हाळी मशागत आणि कापसाचा रिकामा काळ : अमळनेर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

खानदेशात पेरणीचा मुख्य हंगाम वसंतात नव्हे, तर मृगाच्या पावसावर सुरू होतो. त्यामुळे फाल्गुनापासून वैशाखअखेरपर्यंतचा काळ शेतीच्या दृष्टीने बिनकामाचा समजला जातो. बोरी नदीकाठच्या अमळनेर परिसरातील कोरडवाहू शिवारात या दिवसांत उभे पीक क्वचितच दिसते. तथापि येत्या खरिपाचे यशापयश पुष्कळ अंशी याच काळात ठरते. कापसाच्या बाबतीत तर शेत रिकामे राहणे हेच मुळी एक काम आहे, आणि हा रिकामा काळ दोन्ही टोकांनी आखूड होत गेला आहे. त्याची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

उन्हाळी मशागत :

दादर, हरभरा निघाल्यावर जमिनीत थोडी ओल असतानाच नांगरट करणे इष्ट असते. विलंब झाल्यास काळी जमीन टणक होऊन नांगर धरत नाही. नांगरटीने निघालेली ढेकळे उन्हात तापतात व वळवाच्या सरीने आपोआप फुटतात. हरळी, कुंदा यांची मुळे उघडी पडून वाळतात; मातीतील अळ्या व कोष वर येऊन पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. त्यानंतर धसकटे वेचणे, वखराच्या पाळ्या, बांधांची दुरुस्ती ही कामे येतात. शेणखत मात्र शेवटच्या पाळीच्या वेळीच पसरावे. उन्हात उघडे पडलेल्या खतातील नत्र उडून जाते.

या कामांचे वेळापत्रक सणांशीही जोडलेले आहे. सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. माहेरवाशिणींचे झोके आणि सालदारकीचे करार एकाच दिवशी यावेत, ही खानदेशची खास बाब म्हणावी लागेल. ट्रॅक्टर आल्यापासून नांगरट दिवसाची झाली. धसकटे वेचण्याचे काम मात्र आजही हातांनीच होते.

गुलाबी बोंडअळी व रिकामा काळ :

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीने या वाणांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले. ही अळी प्रामुख्याने कापसावरच जगते. हंगाम संपताना तिच्या काही अळ्या सुप्तावस्थेत जातात आणि सरकी, वाळलेली बोंडे किंवा जमिनीच्या भेगा यांत महिनोन्‌महिने दडून राहतात. पावसाळ्याच्या आरंभी त्यांतून पतंग बाहेर येतात. त्या वेळी शेतात पात्या-फुले नसतील, तर अंडी घालण्यास योग्य जागा न मिळता ते मरतात. पात्या असतील, तर पहिलीच पिढी तेथे वाढते आणि पुढे साधारण महिन्याला एक याप्रमाणे पिढ्या वाढत जातात.

आता दोन टोकांचा विचार करू. एका टोकाला फरदड आहे. २०२२ च्या आरंभी कापसाचा दर क्विंटलला १० हजार रुपयांवर गेला, तेव्हा एक-दोन वेचण्यांसाठी कापूस शेतात ठेवण्याचा मोह होणे स्वाभाविकच होते. दुसऱ्या टोकाला, विहिरीचे पाणी असणारे शेतकरी मे महिन्यातच ठिबकवर कापूस लावतात. यात अविचार नाही. पीक लवकर निघून रब्बीत गहू, हरभरा किंवा मका घेता येतो. परंतु त्या कापसाला जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी पात्या लागतात आणि बाहेर पडणाऱ्या पतंगांना नेमका आश्रय मिळतो. २०१७ नंतर कृषी विभागाने १ जूनपूर्वी लागवड न करण्याचे आवाहन केले व त्यासाठी बियाणे विक्रीच्या तारखांवर निर्बंध घातले, ते यामुळेच.

येथे खरा पेच आर्थिक आहे. लवकर लागवडीचा लाभ बागायतदारास मिळतो आणि तेथे वाढलेल्या किडीचा भार शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर पडतो. त्याने आपले शेत कितीही नांगरले, तरी पतंग बांध ओलांडून येतातच. म्हणून हा रिकामा काळ एकट्याने पाळून भागत नाही, तो संपूर्ण शिवाराने पाळावा लागतो.

पऱ्हाटीचा प्रश्न :

बांधावर रचलेली पऱ्हाटी हेही किडीचे आश्रयस्थान होय. ती यंत्राने बारीक करून जमिनीत गाडावी, हा सल्ला योग्यच आहे; पण अनेक घरांत ती अजूनही चुलीचे सरपण आहे. अशा घरांना पऱ्हाटी टाकून द्या असे सांगण्यात अर्थ नाही. तिच्यावरील किडकी व न उमललेली बोंडे झोडून काढून जाळली आणि उरलेले सरपण पावसापूर्वी वापरून संपवले, तर चूलही चालते व अळीचा निवाराही मोडतो.